खाऱ्या वाऱ्यातली पद्मिनी

कोकणात जुनी मोटार घरच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, दुरुस्तीला घेणाऱ्याने इंजिनाची चिंता सर्वांत शेवटी करावी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन मुळातच साधे. कार्बोरेटर साफ करणे, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट जुळवणे, व्हॉल्व्हचे अंतर नीट करणे ही कामे गावातला जुना मेकॅनिक गप्पा मारता मारता उरकतो. खरा प्रश्न पत्र्याचा आहे. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडीचा पत्राच सारा भार पेलतो. त्यामुळे दाराखालची पट्टी कुजली की रूपाबरोबर गाडीची ताकदही जाते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर हा गंज आतूनच धरतो. समुद्रावरचा खारा ओलावा बंद पोकळीत शिरतो, पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके लाल मातीने बुजतात, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून जाईपर्यंत आतले लोखंड भिजतच राहते. वरचा रंग मात्र लग्नाला निघाल्यासारखा चकाकत असतो.

म्हणूनच गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणाऱ्या कारागिराला माझा दुरूनच नमस्कार असतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कुजलेला भाग कापायचा, तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा, प्रायमर द्यायचा आणि पोकळीत गंजरोधक मेण सोडायचे, हा क्रम कंटाळवाणा असला तरी टळत नाही. शेजारच्या काकांनी होडीला लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल सुचवले होते. ते अंगावर उडाले तर कातडी सोलवटते, तेव्हा त्यांचा सल्ला मी आदराने ऐकून ठेवला आहे.

फेरबदलांबाबत माझे मत जरा कडक आहे: पाना घेऊन पूर्ववत करता येईल तेवढाच बदल करावा. डायनमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि पेट्रोलमधले इथेनॉल सोसणारे नवे रबरी पाइप, यांत गाडीचे काही जात नाही. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा खाली आणण्यासाठी फ्लोअरचा पत्रा कापणे मात्र मला पटत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीला व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर हवा असेल, तर चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. असा नंबर मिळालेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, हे कळल्यावर घरच्यांचा उत्साह बराच मावळला, कारण मासळीबाजाराला जायला त्यांनी तीच गाडी धरली होती.