वासाचा त्रास होणाऱ्या माणसासाठी गादी

नव्या फोमच्या गादीला येणारा उग्र वास नुसता प्लास्टिकच्या वेष्टनाचा नसतो. फोम बनवताना वापरलेली रसायनं आणि थर चिकटवायचा गोंद, दोन्हींचे अंश हवेत उडत राहतात. खोली तापली की जास्तच. ज्याला अशा वासानं डोकं धरतं, घसा आवळतो, त्याला ‘दोन दिवस गॅलरीत टाका’ हा दुकानदाराचा सल्ला पुरत नाही. कॉयरच्या गादीतल्या काथ्यावर रबराचा चीक फवारून तो गंधकानं पक्का केलेला असतो. म्हणजे नारळाची म्हणून घ्यावी, तर वास रबराचा.

अशा माणसाला समोर उभं राहून भरून घेतलेली कापसाची गादीच बरी. मात्र कापूस नवा हवा. स्वस्त गादीत गिरणीतला टाकाऊ किंवा चिंध्या पिंजून काढलेला माल खपवतात. त्यात पॉलिएस्टर, रंग, कधी मशीनचं तेलही असतं. चिमूटभर घेऊन काडी लावा. कापूस जळक्या कागदासारखा वास देतो आणि राख बोटांत विरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सावरीचा कापूस उशीला ठीक, गादीत फार दबतो.

खोळीचं कापड जाड सुती घ्या, ‘सुरकुत्या न पडणारं’ नको. त्या प्रक्रियेत बहुधा फॉर्मल्डिहाइड या नाकाडोळ्यांना झोंबणाऱ्या वायूपासून केलेली रेझिनं (राळेसारखी रसायनं) असतात. शिवण्याआधी ते रात्रभर भिजवा आणि बिनवासाच्या साबणानं दोनदा धुवा, म्हणजे खळ जाते आणि कापड आटायचं तेही आधीच आटतं. मग मूठभर कापूस आणि कापडाचा तुकडा काचेच्या बरणीत घट्ट बंद करून दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी ज्याला त्रास होतो त्यालाच हुंगायला द्या. घरातल्या इतरांच्या नाकाचा इथे उपयोग नाही.

६ बाय ३ फुटांची एकच जाड गादी करण्यापेक्षा ३ इंची दोन करा, प्रत्येकी साधारण ७-८ किलो कापसाच्या. उचलायला, उन्हात टाकायला सोप्या, आणि वरखाली बदलता येतात. टाके कमी घातले तर कापूस कडेला सरकतो आणि कमरेखाली खळगा पडतो, तेव्हा वीतभर अंतरावर टाके मागून घ्या. एक-दोन वर्षांत गादी दबून कडक होणारच. पुन्हा पिंजून घ्यायची. पावसाळ्यात ती ओल धरते, बुरशीचा वास वेगळाच छळतो, म्हणून ऊन पडेल त्या दिवशी ४-५ तास बाहेर काढायची.

एवढं करूनही त्रास थांबला नाही, तर पलंगाखाली वाका. प्लायवूडच्या बॉक्स-बेडमधल्या उघड्या कडांतून गोंदातलं फॉर्मल्डिहाइड निघत असतं, आणि आत रजयांमध्ये डांबर गोळ्या टाकलेल्या असतात. गोळ्या आजच काढा, रजया उन्हात घाला. गादी नवारीच्या किंवा लोखंडी पट्ट्यांच्या पलंगावर टाका. खालून हवा लागते, ओलही धरत नाही.