चोविसावा दिवस आणि पर्वती

खरं सांगते आज जायचंच नव्हतं. साडेपाचचा अलार्म तीनदा स्नूझ केला, बाहेर भुरभुर पाऊस, आणि वजनकाटा नऊ दिवस झाले 71.6 वरच बसलाय, हलायचं नाव नाही, मग म्हटलं कशाला हा आटापिटा. पण बूट रात्रीच दाराशी काढून ठेवलेले, ते बघून लाज वाटली नि निघाले.

पर्वतीच्या 103 पायऱ्या. पहिल्या दिवशी चार वेळा थांबले होते, कठड्याला धरून, फोन बघतेय असं नाटक करत 😄 आज एकदाच थांबले, तेही एक आजोबा मागून आले आणि "चला, बसायचं वर गेल्यावर" म्हणून पुढे निघून गेले म्हणून. पंच्याहत्तरीचे तरी असतील. वर पोचल्यावर धुक्यात पुणं अर्धंच दिसत होतं पण भारी वाटलं.

काट्याला हे 4 थांब्यांचं 1 झालेलं कळत नाही ना, म्हणून आता वजन फक्त रविवारीच करणार.

खाण्याचं मात्र अवघड आहे बाबा. एका उकडलेल्या अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दोन अंडी, वाटीभर मटकीची उसळ, ताक असं सकाळपासून गणित मांडत बसायचं आणि दुपारी सासूबाई म्हणणार "अगं एका पुरणपोळीने काय होतंय". एक खाल्ली. तुपासकट. दुसरीला नाही म्हटलं तर त्या रुसल्या, मग अर्धी.

उद्या घरी बटाटेवड्यांचा बेत आहे म्हणे. बूट ठेवलेत दाराशी.