सगळ्यांचा श्वास अठरा

नर्सिंगची नवीन मुलं वॉर्डात आली की त्यांनी भरलेला टीपीआर चार्ट (पेशंटचा ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी) मी श्वासाच्या रकान्यापासून वाचायला घेते. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळं आणि श्वास मात्र ओळीने सगळ्यांचा १८. न्यूमोनियाच्या पेशंटचा १८, पाय मोडलेल्याचा १८, नुकतीच भूल उतरलेल्याचाही १८. अख्खा वॉर्ड एका तालावर श्वास घेतोय! जुन्या स्टाफचे चार्टही काही फार वेगळे नसतात, फक्त ते मधूनमधून २० लिहायला शिकलेले असतात.

यात आळस आहेच, पण तो अर्धाच भाग झाला. ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन हे आकडे यंत्र काढून देतं. श्वास मात्र पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहूनच मोजावा लागतो आणि वॉर्डात नुसतं बघत उभं राहणाऱ्याला रिकामा समजतात. मग हातातली बाकीची कामं दिसतात आणि ते एक मिनिट पहिलं कापलं जातं.

नेमकं तेच मिनिट महागात पडतं. मोठ्या माणसाचा श्वास आरामात असताना मिनिटाला १२ ते २०. जंतुसंसर्ग पसरायला लागला, आत कुठे रक्तस्राव सुरू झाला, रक्तात आम्ल साठायला लागलं, की बऱ्याचदा आधी श्वास वाढतो. बीपी शरीर रक्तवाहिन्या आवळून बराच वेळ धरून ठेवतं. ते कोसळतं तेव्हा उशीर झालेला असतो. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ९६ दाखवतंय म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. ते ९६ टिकवण्यासाठी माणूस मिनिटाला २८ वेळा धापा टाकत असू शकतो आणि हे यंत्राला दिसत नाही.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ ही पेशंट किती बिघडलाय ते आकड्यांत सांगणारी गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. त्यात श्वास २१ ते २४ असेल तर २ गुण, २५ किंवा जास्त असेल तर थेट ३. कुठल्याही एका रकान्यात ३ आले तर बेरीज कितीही असो, पेशंट तातडीने दाखवायचा. २६ च्या जागी १८ लिहिणाऱ्याने हे तिन्ही गुण पुसून टाकलेले असतात.

मोजायचं कसं तेही सांगते. पेशंटला सांगायचं नाही. ‘श्वास मोजते हं’ म्हटलं की तो लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवायची, त्याचा हात त्याच्याच छातीवर आडवा ठेवायचा आणि हात वर-खाली होताना पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एक श्वास चुकला की उत्तर चारने चुकतं. मोजता मोजता आणखी पाहायचं : मानेचे स्नायू ओढले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, एक वाक्य बोलताना मध्ये थांबावं लागतंय का. या गोष्टींना चार्टवर रकाना नाही, त्या नोंदीत शब्दांत लिहायच्या.

‘बेसिक नर्सिंग’ म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात. त्यांना व्हेंटिलेटर शिकायचा असतो. आंघोळ घालणं, कूस बदलणं, भांडं देणं ही पहिल्या वर्षाची हमाली, पुढे कुणाच्या तरी गळ्यात घालायची, असा एकूण समज. मला तो अजिबात पटत नाही. स्पंजिंगसारखी, म्हणजे खाटेवरच अंग पुसून काढण्यासारखी, तपासणी दुसरी नाही. आठ तासांत एवढाच वेळ असा असतो की पेशंटचं सगळं अंग, टाळूपासून टाचेपर्यंत, तुमच्या डोळ्यांसमोर आणि हाताखाली असतं. कुशीवर वळवलं की माकडहाडाची जागा बघायची, टाचा उचलून बघायच्या, ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागेही बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर ही लाली बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे हाताची पाठ लावायची : शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते का, टणक किंवा फुगीर आहे का, रंग जांभळट झालाय का. पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं.

डोरीन नॉर्टन ही नर्सच. बेडसोअरचा धोका मोजणारी तिच्या नावाची मोजपट्टी १९६२ पासून वापरात आहे. प्रकृती, मनाची स्थिती, हिंडणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली तर जखम व्हायच्या आधीच कूस बदलायचं वेळापत्रक लावायचं. यातल्या एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही.

हे सगळं कोण बघतं, हा पुढचा प्रश्न. टीमचा तक्ता भिंतीवर असतो : वर कन्सल्टंट, मग रेसिडेंट, इनचार्ज, स्टाफ नर्स, फिजिओ, डायटिशियन, फार्मासिस्ट, सगळ्यात खाली मावशी आणि मामा. पेशंटजवळ कोण किती वेळ असतं या हिशेबाने तक्ता काढला तर तो जवळजवळ उलटा होईल. राउंडला डॉक्टर एका खाटेशी काही मिनिटं थांबतात. मावशी दिवसभर आत-बाहेर करत असतात. ‘सिस्टर, कोपऱ्यातले आजोबा आज जेवताना सारखे खोकतायत आणि आवाज घोगरा येतोय’ असं मावशी सांगतात तेव्हा ती साधी तक्रार नसते. लकव्याच्या पेशंटच्या बाबतीत ते गिळण्याच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. लगेच तोंडाने देणं बंद करायचं आणि डॉक्टरांना, स्पीच थेरपिस्टला कळवायचं. डायटिशियनने कितीही चांगला आहार लिहिलेला असू दे, तो कुठल्या नळीत जाणार हे आधी ठरायला हवं.

मावशींनी ऐकवलं, पण सिस्टर ‘बघते नंतर’ म्हणाली, तर पुढच्या वेळी मावशी सांगायच्या बंद होतात. नुकसान तिथे होतं.

मात्र उलट बाजूही आहे. स्पंजिंग, वजन घेणं, लघवी मोजून लिहिणं हे सोपवता येतं. पेशंट बरा की बिघडला हे ठरवणं सोपवता येत नाही. सोपवलेल्या कामाची जबाबदारी सोपवणाऱ्याच्याच गळ्यात राहते. ‘मी मावशींना सांगितलं होतं’ हे वाक्य माझ्यासमोर चालत नाही.

आणि डॉक्टर? डॉक्टर आजार शोधतात. आजारामुळे या माणसाचं काय अडलंय हे आम्ही शोधतो. दोन पेशंटांचं निदान एकच असेल, ‘हार्ट फेल्युअर’, पण उताणं झोपता येत नाही म्हणून एकाने रात्र बसून काढणं, संडासपर्यंत जाताना धाप लागते म्हणून दुसऱ्याने पाणीच न पिणं, हे आमच्या खात्यातलं. पाहणी, गरज ओळखणं, आखणी, काम आणि मग परत जाऊन उपयोग झाला का ते बघणं, या पाच पायऱ्या पाठ सगळ्यांनाच असतात. पाचवी करताना फार थोडे दिसतात. दुखण्याचं इंजेक्शन दिल्याची नोंद असते, तासाभराने दुखणं दहापैकी ८ वरून कितीवर आलं त्याची नसते.

आता हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं. ‘पाच नंबर बरा आहे, रात्री झोपला’ हे माझ्या मते हँडओव्हर नव्हेच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्येच यावर झोडपलंय : रात्र चांगली गेली का असं विचारू नका, किती तास झोप लागली आणि रात्री कोणत्या वेळी ते विचारा. कारण एकाला सलग दहा तास झोप लागली नाही तरी रात्र वाईट वाटते आणि दुसरा अधूनमधून डुलक्या लागल्या तरी चांगली म्हणतो.

फोनवर डॉक्टरांना कळवताना हीच गोष्ट. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून दवाखान्यांत आलेली ‘एसबार’ पद्धत (आत्ताची परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, काय करायला हवं, या क्रमाने बोलणं) मी पोरांकडून घोटून घेते. ‘सर, पेशंट जरा बरोबर वाटत नाहीये’ असं म्हटलं तर झोपेतला माणूस ‘बघू सकाळी’च म्हणणार. त्याऐवजी : ‘सर, सर्जिकल वॉर्डातून बोलतेय. बारा नंबरचा श्वास २८ झालाय, दोन तासांपूर्वी १८ होता. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. नाडी ११८, वरचं बीपी १०४, लघवी दोन तासांत ३० मिली. मला जंतुसंसर्गाची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर रक्ताचे नमुने घेऊन ठेवू का?’ यातलं शेवटचं वाक्य उच्चारताना नवीन मुलींचा आवाज बारीक होतो. आपण डॉक्टरांना काय सांगायचं, असं वाटतं. सांगायचं. (आणि तो १८ खरा मोजलेला असेल तरच २८ ला अर्थ, हे लक्षात आलं असेलच.)

औषधांबद्दल थोडक्यात. योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे सगळ्यांना ठाऊक आहे. फार्मासिस्टने फोन करून शंका विचारली की चिडू नका, तो त्याचं काम करतोय. इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर लिहिलेलं असेल तर ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. पूर्ण शब्द लिहून मागा, कितीही मोठ्या डॉक्टरांची ऑर्डर असली तरी.

हे सगळं वाचून कुणीतरी म्हणेल, एका नर्सकडे एवढ्या खाटा, मिनिटभर छातीकडे बघायला वेळ कुठून आणायचा? बरोबर आहे आणि हा प्रश्न नर्सने एकटीने सोडवायचा नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास शस्त्रक्रियेच्या पेशंटांवरचा होता. नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. व्यवस्था विम्यावर चालणारी असो, करावर असो की पेशंटच्या खिशावर, पैसे वाचवायचे ठरले की कात्री आधी आमच्या संख्येवर येते. कारण यंत्राची खरेदी दिसते, न झालेला बेडसोअर दिसत नाही. नर्स कमी असेल तर ते लेखी कळवा, तारीख-वेळ टाकून. आणि त्या पाळीत सगळ्यांचा श्वास मोजणं जमणारच नसेल तर निदान कालच्या ऑपरेशनचे, ऑक्सिजनवरचे आणि ज्यांच्याबद्दल मावशी काही बोलल्या ते, एवढ्यांचा तरी खरा मोजा. बाकीच्यांचा रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना बघून पुढच्या पाळीची सिस्टर जाऊन मोजेल. १८ लिहिलेला दिसला तर ती तिकडे फिरकणारसुद्धा नाही.