कमरेचा असहकार

आज पहाटे सायकलवर सिंहगड. गोळेवाडीपासून घाट चढायला लागलो आणि अर्ध्यातच कमरेनं असहकार पुकारला. पायात दम होता, पण माकडहाडाच्या वरचा पट्टा असा आखडला की उतरून सायकलला टेकून उभा राहिलो. बाइकवाले हॉर्न देत वर चाललेले. असो.

मागून आलेला मित्र म्हणाला, "अरे, तुझं बूड डावी-उजवीकडं डोलतंय. सीट बघ." गेल्या आठवड्यात मीच ती दोन बोटं वर केली होती, ऐटीत. सीट उंच झाली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, मग दर फेऱ्याला कंबर झुकते. त्यात माझी जड गिअर रेटायची खोड! सीट उतरवली, हलका गिअर टाकला, मिनिटाला ७०-७५ फेरे, मधेच उभं राहून पेडल. दुखणं गेलं नाही, पण वर पोचलो. कांदाभजी आणि मडक्यातलं दही वसूल.

आता आठवडाभर घाट बंद. रोज प्लँक आणि ग्लूट ब्रिज, म्हणजे पोट-कंबर आणि बुडाचे व्यायाम. कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर सरळ डॉक्टरकडं. बायकोनं शेकायची पिशवी दिलीय, सोबत एक कटाक्षही.