एक्क्यांची जोडी आणि पाचवं पान

काल पणजीत, मांडवीवरच्या कॅसिनोत पोकर खेळलो. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, समोरच्या काकांकडे राजांची. टेबलावर सगळ्यांसाठी उघडी पडणाऱ्या पाच पानांपैकी एकही पडण्याआधी दोघेही ऑल-इन, म्हणजे सगळे चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) डावावर! अशा वेळी एक्केवाला शंभरात साधारण ८२ वेळा जिंकतो. चार पानं पडली, राजा नाही. उरलेल्या ४४ पानांत राजे दोनच, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के. आणि पाचवं पान? बदाम राजा. काकांचे तीन राजे झाले, माझी जोडी हरली. वर चिप्स ओढताना काका म्हणतात, "सॉरी हां!" हरल्यापेक्षा त्या सॉरीचा राग जास्त आला.

नंतर माझ्या फ्लशवर (एकाच चिन्हाची पाच पानं) एकाला शेवटच्या पानाला त्याहून वरचं फुल हाऊस (एका किमतीची तीन, दुसरीची दोन) लागलं. अशा वेळी उपयोगाची दहापर्यंत पानं शिल्लक असू शकतात, ते एक वेळ चालतं. बदाम राजा मात्र अजून पचलेला नाही. पुन्हा एक्के आले, तरी सगळे चिप्स आत ढकलणारच म्हणा!