६५ वॉटचा चार्जर, तीन पोर्ट आणि त्यांची वाटणी

खोक्यावर ठळक छापलेले ६५ वॉट म्हणजे एका पोर्टची ताकद, तीही बाकीचे पोर्ट मोकळे असताना. दोन यूएसबी-सी आणि एक यूएसबी-ए असा तीन पोर्टांचा चार्जर घेणार असाल, तर त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेला तक्ता आधी वाचा. बऱ्याच चार्जरांवर तो साधारण असा असतो: सी-१ एकटा ६५ वॉट, सी-१ आणि सी-२ एकत्र ४५ अधिक २०, सी-१ आणि ए एकत्र ४५ अधिक १८, आणि सी-२ व ए एकत्र ५ व्होल्ट ३ अँपिअर.

बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती ही शेवटची ओळ. तिचा अर्थ असा की त्या दोन पोर्टांना मिळून फक्त १५ वॉट मिळणार. कारण आतल्या रचनेत आहे. सी-२ आणि ए या दोघांमागे व्होल्टेज उतरवणारे सर्किट अनेकदा एकच असते. एका सर्किटमधून एकाच वेळी एका फोनला ९ आणि दुसऱ्याला ५ व्होल्ट देता येत नाहीत, म्हणून दोघांनाही ५ वर आणले जाते. ५००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास मावतात. वाट्याला साडेसात वॉट आले, तर वाटेत वाया जाणारी वीज धरून फोन पूर्ण भरायला तीन तासांहून जास्त लागतात. दोन फोन लावायचे असतील तर एक सी-१ला आणि दुसरा सी-२ला लावा. ए पोर्टला हात लावू नका.

दुसरी अडचण राखीव वाटपाची. सी-२ला इअरबड्सची डबी लावली की ती जेमतेम दोन-तीन वॉट घेते, पण चार्जर तिच्या नावाने २० वॉट बाजूला काढतो आणि लॅपटॉप ४५ वर येतो. प्रत्यक्ष वापर मोजून उरलेली वीज परत सी-१कडे वळवणारे चार्जर मिळतात. सोबत लॅपटॉप चालवणार असाल, तर जास्तीचे पैसे त्यासाठी मोजावेत असे माझे ठाम मत आहे. ४५ वॉटवर लिखाणाचे काम आरामात होते. व्हिडिओ एडिटिंग चालू असेल, तर मात्र चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरू शकते.

लॅपटॉप सी-२ला लावून चार्ज होत नाही, तेव्हा चार्जर बिघडलेला नसतो. २० वॉटचा पोर्ट सहसा ९ व्होल्टपर्यंतच जातो, आणि कित्येक लॅपटॉप २० व्होल्ट मिळाल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत.

आता खरे दुखणे. लॅपटॉप चालू असताना शेजारच्या पोर्टला फोन लावला, की क्षणभर सगळ्यांचीच वीज जाते आणि परत येते. चार्जर आणि उपकरण किती वीज द्यायची-घ्यायची हे ज्यातून ठरवतात, त्या यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या (पीडी) नियमांनुसार याची गरज नाही. चार्जर पुरवठा न तोडता नवी, कमी वॉटची यादी पाठवू शकतो आणि लॅपटॉप त्यातून नव्याने मागणी करू शकतो. तरीही कित्येक चार्जर पोर्ट बंद करून पुन्हा चालू करण्याचा सोपा मार्ग धरतात. आत बॅटरी असलेल्या उपकरणाला त्याने काही होत नाही. पण राउटर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, यूएसबीवर चालणारा कॅमेरा किंवा हार्ड डिस्कचा डॉक अशा चार्जरवर लावू नका. फोन लावला की ते रीस्टार्ट होतील, आणि लिहीत असलेल्या मेमरी कार्डावरची फाइल खराब होऊ शकते. त्यांना स्वतंत्र अडॅप्टर द्या. रास्पबेरी पाय ५ ला तर पूर्ण क्षमतेसाठी ५ व्होल्ट ५ अँपिअर लागतात. बहुतेक पीडी चार्जर ५ व्होल्टवर ३ अँपिअरच्या पुढे जात नाहीत.

हे तपासायला सी-टाइपचा छोटा यूएसबी मीटर पुरतो. तो सी-१ आणि लॅपटॉपच्या मध्ये जोडा, २० व्होल्ट दिसू द्या आणि मग सी-२ला फोन लावा. व्होल्टचा आकडा शून्याकडे कोसळला किंवा मीटरच विझला, तर पुरवठा तुटतो आहे. आकडा २० वरच राहिला, तर रचना चांगली. मीटर नसेल आणि मॅकबुक असेल, तर सिस्टिम रिपोर्टमध्ये पॉवरखाली चार्जरचे वॉट दिसतात. दुसरा पोर्ट भरल्यावर ते किती उरतात तेही तिथेच पाहता येते.

केबलही बघा. २० व्होल्टवर ६५ वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअर. ३ अँपिअरची साधी केबल ६० वॉटवर अडते. त्यापुढे ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) असलेली ५ अँपिअरची केबल हवी. वाटणीनंतरच्या ४५ वॉटला सव्वादोन अँपिअरच लागतात, म्हणून तिथे साधी चालते.

सॅमसंगच्या फोनवर ‘सुपर फास्ट’ऐवजी नुसते ‘फास्ट’ दिसू लागले, तर दुसरा पोर्ट भरताच पीपीएस, म्हणजे फोनच्या मागणीप्रमाणे व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलण्याची सोय, चार्जरच्या यादीतून गळाले असण्याची शक्यता मोठी. सुपर फास्टला पीपीएस लागतेच. पीपीएस एकट्या पोर्टवर मिळते की वाटणीतही टिकते, हे काही कंपन्या तक्त्यात लिहितात, काही लिहीत नाहीत. लिहिलेले नसेल, तर ते मिळणार नाही असे धरूनच खरेदी करा.