आवाज बंद करून बघा: मार्केन, फोलेंडाम आणि जुन्या ट्रॅव्हल फिल्म्स

१९३०-४० च्या काळातल्या ट्रॅव्हल फिल्म्सचा मला जबरदस्त नाद आहे, आणि ॲम्स्टरडॅमजवळ ॲम्स्टेलव्हीनला राहायला आल्यापासून तर हॉलंडवरच्या मी शोधून शोधून बघते. दहाएक मिनिटांच्या असतात, तेव्हा थिएटरमध्ये मेन पिक्चरच्या आधी लावायचे. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी जेम्स फिट्झपॅट्रिक वर्षानुवर्षं अशा फिल्म्स काढत होते, कॉमेंटरी पण स्वतःच करायचे, आणि १९३४ मध्ये त्यांनी हॉलंडच्या ट्युलिप सीझनवर एक टेक्निकलरमध्ये केली. बाकीच्यांनी काढलेल्या पण भरपूर आहेत. त्यात काय काय येणार ते साधारण ठरलेलं असतं, पवनचक्की, ट्युलिपची शेतं, आल्कमारचा चीज बाजार, आणि मग हमखास मार्केन नाहीतर फोलेंडाम, ही दोन मासेमारीची गावं. लाकडी बूट घातलेली मुलं धक्क्यावरून पळतात, बायका लेसच्या टोकदार टोप्या घालून दारात बसलेल्या, पुरुष ढगळ काळ्या विजारीत खिशात हात घालून उभे, आणि वरून तो भारदस्त आवाज सांगत असतो की इथे शतकानुशतकं काही बदललेलं नाही, काळ इथे थांबलाय.

मला त्या आवाजाचा आता खरंच राग येतो. कारण ज्या वर्षांमध्ये या फिल्म्स निघत होत्या नेमक्या त्याच वर्षांमध्ये या लोकांचा समुद्र बंद केला जात होता.

थोडं मागे जाऊन सांगते. मार्केन हे तेव्हा बेट होतं आणि फोलेंडाम पलीकडच्या किनाऱ्यावर, मध्ये झाउडरझे, म्हणजे उत्तर समुद्राचं आत शिरलेलं खारं पाणी. दोन्ही गावं पूर्ण मासेमारीवर जगणारी, हेरिंग, अँचोव्ही. एवढी समोरासमोर असून फोलेंडाम कॅथलिक आणि मार्केन प्रोटेस्टंट, कपड्यांची तऱ्हा पण पूर्ण वेगळी. फोलेंडामच्या बायकांची ती टोकदार टोपी आणि गळ्यात लाल पोवळ्यांची माळ, तर मार्केनला भडक रंगांची चोळीसारखी अंगाला घट्ट बसणारी वस्त्रं, आणि लहान मुलगे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झगे घालायचे. या फिल्म्सवाल्यांना ते झग्यातले मुलगे दिसले की हसू आवरत नाही, कॉमेंटरीत त्यावर एक तरी विनोद असतोच. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, आपल्याकडेही लहान मुलग्यांना झबली-फ्रॉक घालतातच की.

जानेवारी १९१६ मध्ये वादळात झाउडरझेचे बांध फुटले, एकट्या मार्केनवर १६ माणसं गेली. त्यानंतर १९१८ मध्ये कायदा झाला की समुद्राचं तोंडच बंद करायचं. कॉर्नेलिस लेली या इंजिनियरचा प्लॅन १८९१ पासून तयार होता, कायद्याच्या वेळी ते मंत्री होते म्हणून तो मार्गी लागला, पण बांध पूर्ण झालेला बघायला ते राहिले नाहीत, १९२९ मध्ये गेले. २८ मे १९३२ ला ३२ किलोमीटरच्या आफस्लाउटडाईक या बांधाचं शेवटचं भगदाड बुजवलं आणि झाउडरझेचं आयसलमेर झालं, समुद्राचं सरोवर. पाणी हळूहळू गोडं होत गेलं. हेरिंग संपली, अँचोव्ही संपली, राहिली ती मुख्यतः ईल, म्हणजे वाम. मच्छिमारांना मदत द्यायला १९२५ मध्ये वेगळा कायदा केला होता, म्हणजे सरकारला आधीपासून माहीत होतं कोणाच्या पोटावर पाय येणार आहे. मी बांधाच्या विरोधात नाहीये हां, मी आज जिथे राहते ती जमीनच समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि मी रात्री निवांत झोपते ती अशाच बांधांच्या जिवावर. पण आयुष्यातली एवढी मोठी उलथापालथ चालू असताना त्याच माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं करायचं आणि म्हणायचं की इथे काही बदलत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून मी काय करते, आवाज बंद करते. खरंच करून बघा. कॉमेंटरी गेली की नजर हातांवर जाते. म्हातारा जाळं सांधत असतो, सुई आत बाहेर, बघत पण नाही जाळ्याकडे, बोलतोय कोणाशी तरी आणि हात आपले चालू. लाकडी बूट करणारा पॉप्लरच्या नाहीतर विलोच्या ओल्या लाकडात लांब दांड्याचं, पुढे चमच्यासारखं असलेलं हत्यार फिरवून आतला भाग कोरतो (ओलं असतानाच कोरायचं, मग वाळवायचं), आणि दोन्ही बुटांचं माप जुळवायला फारसं काही लागत नाही त्याला, डोळ्यांनीच. आई मुलीच्या डोक्यावर टोपी नीट बसवते आणि मुलगी कंटाळून भलतीकडेच बघते. हे सगळं खरं आहे. भोवतीची वाक्यं विकायला लिहिलेली, पण ही कामं कोणी शिकवून करून घेतलेली नाहीत, ती त्यांना येतच होती.

आणि ही माणसं काही भोळीभाबडी नव्हती. फोलेंडामला हॉटेल स्पांडर १८८१ पासून आहे, तिथे जगभरातून चित्रकार येऊन राहायचे, गावातल्यांची चित्रं काढायचे. ॲम्स्टरडॅमहून टुरिस्टांच्या बोटी पण कधीपासून येत होत्या. म्हणजे फिल्मवाले पोचेपर्यंत कसं उभं राहायचं, कुठे बघायचं हे या लोकांना चांगलं माहीत झालेलं. मासे कमी होत गेले तसं हे उभं राहणंही कमाईचंच एक काम झालं असणार असं मला वाटतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. आजही फोलेंडामला तो ड्रेस घालून फोटो काढून देणारे स्टुडिओ आहेत, आपले लोक पण भारतातून आई-बाबा आले की हमखास नेतात, नऊवारीतली आजी आणि वर लेसची टोपी असे फोटो मी खूप बघितलेत आणि मला ते आवडतात.

त्या फिल्म्समध्ये जे सुटलं ते ज्याने टिपलं तो डच दिग्दर्शक योरिस इव्हन्स. त्याची १९३३ ची 'न्यू अर्थ' बघाच, अर्ध्या तासाची आहे. शेवटचं भगदाड बुजवतानाचं शूटिंग त्यात आहे, क्रेन माती टाकतायत आणि पाणी त्या फटीतून जिवाच्या आकांताने आत घुसतंय, बघताना मी श्वास रोखून धरला होता. मग फिल्म एकदम वळते, नव्या जमिनीवर गहू पिकला पण जगभर मंदी, भाव कोसळलेले, आणि धान्य नष्ट केलं जातंय. त्याच देशाची, त्याच वर्षांतली ही फिल्म.

आणि गोड काही बघायचं असेल तर बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाची १९५० ची 'मिरर ऑफ हॉलंड', १९५१ ला कान्समध्ये शॉर्ट फिल्मचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं तिला. अख्खा देश पाण्यातल्या प्रतिबिंबात दाखवलाय, कॅमेरा उलटा धरून, म्हणजे प्रतिबिंब सुलटं दिसतं आणि घरं, पवनचक्क्या, गायी सगळं हलकं हलकं थरथरत राहतं. एक शब्द कॉमेंटरी नाही. गावाबद्दल प्रेम असेल तर एवढंच पुरतं.

मार्केनला गेलात तर एक गोष्ट नक्की बघा. जुनी लाकडी घरं खांबांवर आहेत, पुराचं पाणी खालून जावं म्हणून. १९३२ नंतर पूर यायचे थांबले तशी लोकांनी ती खालची मोकळी जागा भिंती घालून बंद केली, खोल्या काढल्या. बारकाईने बघितलं तर कुठे जुनं घर संपतं आणि कुठे नंतरची खोली सुरू होते ते कळतं. १९५७ पासून मुख्य भूमीपर्यंत बांध आहे त्यामुळे ॲम्स्टरडॅमहून थेट बस जाते, पण मी म्हणेन फोलेंडामहून बोटीने जा, अर्धा तास लागतो. आणि वेळ असेल तर एन्कहाउझनचं झाउडरझे म्युझियम, तिथे किनाऱ्यावरच्या गावांमधली खरी घरं हलवून परत उभी केलीयेत, भट्टीत धुरावलेली हेरिंग पण मिळते, गरम गरम खा.